कोरा सालदार

दिपमाला: शी! अहो, थांबवा त्याला! त्या रसावर फेस आलाय, माश्या मेल्यात त्यात, आणि तो वाटी चाटतोय!

जितेंद्र: चाटू द्या ताई. कालचा रस आहे. म्हशीपुढे ठेवला होता, तिनं तोंड फिरवलं. मग म्हटलं, वना, संपव. संपवला त्यानं. वाया घालवलेलं मला आवडत नाही.

दिपमाला: म्हशीनं टाकलेलं माझ्या नवऱ्याला घातलंत?

जितेंद्र: घातलं नाही, सांगितलं. तुमचा नवरा कोरा आहे, हे विसरताय तुम्ही. कोऱ्या सालदाराला आंबट काय अन् गोड काय! बसा त्या खाटेवर. साक्रीहून फैजपूरपर्यंत एवढ्या उन्हात आलात, तेही ऐन आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी. माझी बायको ज्योत्स्ना असती तर पन्हं दिलं असतं. पण आज बायका सगळ्या माहेरी, झोके खेळायला.

दिपमाला: मला पन्हं नको. मला माझा माणूस पाहिजे. आज आखाजी आहे, सालदाराचं साल आज भरतं. त्याला मोकळा करा, म्हणजे मी चालले.

जितेंद्र: मोकळाच आहे तो. मी काय साखळीनं बांधलाय? विचारा त्यालाच.

दिपमाला: वना... माले वळखस का?

वना: हा. तू दिपमाला. मनी बायको.

दिपमाला: कशी दिसस मी?

वना: उभी दिसस.

जितेंद्र: हा हा! बघा, खोटं बोलत नाही. आमच्या घरात एवढा खरा माणूस दुसरा नाही.

दिपमाला: हसू नका हो. त्याचा पाय बघितलात का तुम्ही? घोट्यापाशी केवढी जखम आहे! पू वाहतोय, माश्या बसल्यात, आणि हा हलवत पण नाही. वना, पाय दुखस का?

वना: दुखस.

दिपमाला: मंग सांगं काबरं नही?

वना: कोनी इचारं नही.

जितेंद्र: हां, ते मात्र खरं. विचारायला पाहिजे होतं. केळी कापताना विळा लागला असेल. उद्या नेतो दवाखान्यात. वना, माश्या हाकल.

वना: हा भाऊ.

दिपमाला: आता हाकलतोय! तुम्ही सांगितल्यावर! अहो, ढोर पण शेपटी हलवतं हो. तुम्ही ढोराच्या खाली नेऊन ठेवलं त्याला.

जितेंद्र: मी नेलं? ताई, आवाज खाली. हा स्वतः आला होता माझ्याकडे. तुमची मुलगी गेली होती तेव्हा.

दिपमाला: प्राची. नाव होतं तिला.

जितेंद्र: प्राची. कावीळ झाली होती ना? हा नवा सालदार म्हणून लागला आणि केळीच्या बागेत नुसता उभा राहायचा. ड्रिपचं पाणी वाहून चाललंय, हा उभा. एक दिवस मला म्हणाला, भाऊ, तुमच्या घरात कोरं करतात असं ऐकलंय, मला करा. मी दोनदा विचारलं. वडिलांच्या वेळेपासूनची आमच्या घराची पद्धत आहे ही, पण जबरदस्ती कधीच नाही. आखाजीला पितरांची घागर भरली, तिच्याशेजारी तांब्याचा गडू ठेवला. यानं त्यात फुंकर घातली. मी वरून लाल फडकं बांधलं. झालं. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत हा कामावर.

दिपमाला: एका सालासाठी केलं होतं! या आखाजीपासून त्या आखाजीपर्यंत! मला फोनवर म्हणाला होता, दीपा, एक साल मला झेपत नाही, मग येतो. मी नको नको म्हणत होते. आणि त्याच्यावर किती आखाज्या गेल्या?

जितेंद्र: दर आखाजीला रीतीप्रमाणे विचारतो मी. चार माणसांसमोर. वना, नवं साल धरतोस का? तो म्हणतो, हा. त्याची मर्जी. मी कोण मोडता घालणारा?

दिपमाला: त्याची मर्जी? थांबा, दाखवते तुम्हाला त्याची मर्जी. वना, मनासंगे घर येस का?

वना: हा.

दिपमाला: आनि भाऊकडे आठेच ऱ्हास का?

वना: हा.

दिपमाला: आनि मी सांगं, आठे खड्डा खंद आनि त्यामा आडवा पड, तर?

वना: हा. कितला खोल?

दिपमाला: ऐकलंत?

जितेंद्र: ...हे असले प्रश्न विचारायचेच नसतात.

दिपमाला: तुमचा प्रश्न पण असलाच. कोऱ्या माणसाला विचारायचं, आणि हो म्हणाला की रीत पाळली म्हणून पेढे वाटायचे!

जितेंद्र: ताई, तुम्हाला त्याचा राग आहे म्हणून दिसत नाही. पण इमान म्हणजे काय ते याच्याकडून शिकावं. माझा सख्खा चुलतभाऊ रात्रीतून घड उतरवून नेतो. मजूर चार पैसे जास्त देणाऱ्या गाडीवाल्याकडे पळतात. हा? मी वारलो तरी माझी बाग राखेल. आमच्या केळीवाल्यांच्या ग्रुपवर विचारतात लोक, जितूभाऊ, असा एखादा आम्हालाही मिळेल का?

दिपमाला: याला इमान म्हणू नका. ज्याला बेइमानी करताच येत नाही त्याचं इमान कसलं? मग तुमची पाण्याची मोटार पण इमानदार. बटण दाबलं की चालू.

जितेंद्र: मोटार जळते हो मधेच. वना नाही जळत.

दिपमाला: मंजुळाबाईचं घर कोणी पाडलं?

जितेंद्र: ...ते तुम्हाला कोणी सांगितलं?

दिपमाला: तिनंच. मी स्टँडवरून चालत आले, उन्हानं भोवळ आली. रस्त्याच्या कडेला निंबाखाली एक म्हातारी ताडपत्री बांधून बसलेली. तिच्या माठातलं पाणी प्यायले. कुणाकडे जातेस म्हणाली. म्हटलं, वना सालदाराकडे, त्याची बायको मी. तर माझ्या हातातला पेला काढून घेतला तिनं. मग रडली, आणि परत भरून दिला. तुमच्या बागेत जन्म गेला तिचा खुरपून खुरपून.

जितेंद्र: माझ्याच बांधावर घर होतं तिचं. मला तिथं केळी भरायला शेड करायची होती. सहा महिने सांगत होतो. ऐकेना.

दिपमाला: म्हणून वनाला सांगितलंत.

जितेंद्र: दुसरं कोणी तयार होईना. सगळे म्हणाले, तिच्या हातचं खाल्लंय.

दिपमाला: यानं पण खाल्लं होतं! पहिल्या साली हा नुसता उभा राहायचा तेव्हा तीच भाकरी आणून तोंडापुढे धरायची. वना, मंजुळाबाईनं घर तू पाडं?

वना: हा. भाऊनी सांगं, मी पाडं.

दिपमाला: ती मझार व्हती तवय?

वना: मझार व्हती. चूलजवय बठेल व्हती. हात धरीसन बाहेर काढी. मंग चूल फोडी. मंग भित.

दिपमाला: ती काय बोलनी?

वना: बोलनी, वना, मी तुले भाकरी दिधी रे.

दिपमाला: मंग तुले काय वाटनं?

वना: काहीच नही. भित कच्ची व्हती. लवकर पडनी.

दिपमाला: शी... शी! देवा, कुठं बघू मी? तुमच्याकडे बघितलं तरी किळस येते, आणि खरं सांगू, याच्याकडे बघितलं तरी येते. हेच का ते हात? याच हातांनी प्राचीच्या वेण्या घालायचा हा. वाकड्या घालायचा, पण घालायचा.

जितेंद्र: एक सांगू का? किळस मलाही येते. खोटं कशाला बोलू? हा पडवीत बसलेला असतो, डोळे उघडे, पापणी लवत नाही. माझी पोरगी त्याच्या अंगावरून जात नाही. ज्योत्स्ना त्याला ताट वाढत नाही, दुरून सरकवते. मी जेवताना त्याच्याकडे पाठ करून बसतो. पण काम सोन्यासारखं आहे, त्याला काय करू?

दिपमाला: मोकळं करा. तो गडू द्या माझ्याकडे.

जितेंद्र: घ्या. हा काय, घागरीशेजारीच आहे. आखाजीला काढावाच लागतो. तुम्हाला वाटलं लपवून ठेवला असेल? घ्या हातात. पण फडक्याला हात लावू नका.

दिपमाला: का?

जितेंद्र: दुसऱ्याच्या हातानं गाठ सुटली तर आतलं वाऱ्यावर गेलं. कायमचं. ज्याचा श्वास त्यानंच सोडायची, आणि तीही आपल्या मनानं. सांगून सोडायला लावलं तर गाठ आवळत जाते.

दिपमाला: त्याचं मन तर यात आहे! मग मनानं सोडणार कुठून?

जितेंद्र: तेच तर. म्हणून तर मी निवांत आहे ना ताई! वडिलांच्या वेळी मालक स्वतः म्हणायचा, तुझं साल भरलं, तेव्हा गाठ आपोआप सैल व्हायची. मी म्हणालो तर आजही होईल. पण मी का म्हणू?

दिपमाला: वना, हाई गाठ सोड बरं.

वना: हा. ...सुटत नही. आवळी ऱ्हायनी.

दिपमाला: जोर कर!

वना: करी ऱ्हायनू. नख निंघी गयं.

दिपमाला: राहू दे! ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. बाई गं, रक्त आलं. आणि तोंडावर रेघ पण नाही याच्या.

जितेंद्र: सांगितलं होतं मी. आता ऐका माझं. पोलिसात जाल, तर काय सांगाल? नवऱ्याची फुंकर चोरली म्हणून? तुम्ही दमलात. जेवा दोन घास आणि संध्याकाळच्या गाडीनं धुळ्याला जा. आणि खरंच विचार करा, याला परत आणून काय देणार आहात तुम्ही? पोरीचं दुःख? सुटलाय बिचारा त्यातून.

दिपमाला: हो, सुटलाय! आणि ते सगळं माझ्या डोक्यावर ठेवून सुटलाय. पोर दोघांची होती ना? हा इकडे कोरा होऊन बसला, आणि मी तिचा फ्रॉक कुणाला देऊ ते एकटीनं ठरवलं. तिच्या वाढदिवसाला मी एकटीच दार लावून बसते. मला हा आरामात नकोय जितेंद्रभाऊ. अर्धं ओझं त्यानं उचलावं म्हणून न्यायला आले मी.

जितेंद्र: मग नाही उचलत तो. आखाजी आहे, रीत करून टाकू. तुम्ही साक्षीला आहातच. आधी सालदाराला जेवू घालायचं, मग विचारायचं. ज्योत्स्ना नाही, तर तुम्हीच वाढा त्याला. खापरावरच्या पोळ्या आहेत, रस ताजा काढलाय. तुमच्या समाधानाला आज चांगलं वाढा.

दिपमाला: वाढते. ...तो काय करतोय?

जितेंद्र: काय?

दिपमाला: पाण्याचा तांब्या दिला मी त्याला. प्यायच्या आधी नाकापाशी नेला त्यानं.

जितेंद्र: हां, ते! ते करतोच तो. सगळं हुंगतो आणि मग खातो. सडकं असलं तरी हुंगतो, आणि खातो. मघाशी तो रस हुंगूनच चाटला. सवय. बैल नाही का मोकळा सोडला तरी चाकोरीतनं जातो, तसं.

दिपमाला: तुम्ही शिकवलं त्याला असं?

जितेंद्र: मी कशाला शिकवू? सांगितलंही नाही कधी. उलट एकदा म्हटलं नको करू, तर चार दिवस थांबला आणि पुन्हा सुरू.

दिपमाला: पुन्हा सुरू? तुम्ही नको म्हणाल्यावर?

जितेंद्र: नुकसान नाही म्हणून मी सोडून दिलं. का? हसताय का तुम्ही?

दिपमाला: मला बघायला आला होता ना हा, तेव्हा आमच्या घरी पोहे दिले. यानं ताटली नाकाला लावली. माझे आबा असे भडकले! म्हणाले, आमच्या घरात काय विष घालतात का? लग्न मोडायची वेळ आली. तर हा म्हणतो, आबा, मना नाकनी तक्रार कोनीच ऐकत नही, मायनी बी नही ऐकी. आई दूध द्यायची तर हुंगायचा. माझ्या डोक्याला तेल लावलेलं हुंगायचा. प्राची झाली तेव्हा दाईच्या हातातून घेतली आणि पहिल्यांदा काय केलं, तर तिचं टाळकं हुंगलं.

जितेंद्र: बरं बरं. वाढा आता. मला दुपारनंतर गाडी भरायचीय.

दिपमाला: वाढते ना. मी त्याला काही सांगणार नाही, बरं का. एक शब्द नाही. तुम्हीच साक्षी.

(वना ताटापुढे मांडी घालतो. दिपमाला न बोलता पोळी वाढते, आणि रसाच्या वाटीच्या जागी लाल फडकं बांधलेला गडू ठेवते.)

जितेंद्र: हे काय? ताटात गडू कशाला?

दिपमाला: जागा नव्हती दुसरीकडे.

जितेंद्र: उचला तो. हा खेळ नाही.

दिपमाला: मी सांगितलं का त्याला काही? नाही ना? मग घाबरता कशाला? तुम्ही तर निवांत आहात.

जितेंद्र: मी घाबरत नाही. पोळी हुंगली त्यानं. खाईल आता. वना, जेव.

वना: हा भाऊ.

जितेंद्र: बघा. जेवतोय. तुमचं आपलं काहीतरीच. आता हा गडू नाकाला लावेल, फडक्याचा वास घेईल आणि खाली ठेवेल. कापडाला कसला वास?

(वना गडू उचलून नाकाला लावतो.)

जितेंद्र: लावला. झालं? ठेवेल आता. ...ठेवत का नाहीये?

वना: फडकं आडं ई ऱ्हायनं.

जितेंद्र: काय म्हणतोय?

दिपमाला: फडकं मधे येतंय म्हणतोय. त्याला आतला वास घ्यायचाय.

जितेंद्र: वना, ठेव खाली! ए, थांब! मी सांगतोय तुला, ठेव तो गडू! आजपर्यंत एकदा तरी माझा शब्द खाली पडू दिलास का? वना!

वना: सुटनी.

जितेंद्र: काय?

वना: गाठ. सुटनी.

जितेंद्र: ए बाई, घे तो त्याच्या हातातून! झाक, झाक त्याच्यावर काहीतरी!

दिपमाला: मी हात लावणार नाही. घेऊ दे त्याला. किती खोल श्वास घेतोय बघा... विहिरीतून वर आल्यासारखा.

जितेंद्र: काय झालं याला? असा का कुबड काढून बसला? वना? अरे बोल काहीतरी! हा ओरडतोय की काय करतोय?

दिपमाला: रडतोय. रडू द्या. सगळं एकदम आलंय ना त्याच्यावर. मी थोडं थोडं करून रडले, याला आज सगळंच आहे.

वना: दीपा.

दिपमाला: आठेच शे मी.

वना: पोरना टाळकाना वास उना माले. मंग गया.

दिपमाला: जास तो. माले बी येस आनि जास.

वना: पाय भू दुखी ऱ्हायना.

दिपमाला: दुखी. सडेल शे तो. स्टँडवरच दवाखाना शे, पहिले तठे जाऊत.

जितेंद्र: थांबा, थांबा. रीत अजून झालेली नाही. वना, माझ्याकडे बघ. मी तुला कधी उपाशी ठेवलं का? कधी हात उगारला का तुझ्यावर? आता तुला समजतंय, तर समजून उत्तर दे. पडवीत खोली बांधून देतो. बायकोलाही घेऊन ये. नवं साल धरतोस का?

वना: नही.

जितेंद्र: ...बरं. ठीक आहे. मी काही वाईट माणूस नाही, जबरदस्ती आमच्या घरात कधीच नव्हती. पण आखाजीच्या दिवशी भरल्या ताटावरून उठू नये. दोन घास खा आणि जा. ताई, तुम्ही तरी सांगा त्याला.

दिपमाला: मी आता त्याला काही सांगत नाही.

जितेंद्र: वना, जेव रे. असं तोंड का फिरवतोस?

वना: वास ई ऱ्हायना.

जितेंद्र: कशाचा वास? रस आत्ता काढलाय, माझ्यादेखत. मी स्वतः चाखला.

वना: रसना नही, भाऊ. मना हातस्ना.